राष्ट्रीय ग्रंथालय आणि गावची शाळा

इसवी सन १९५३ च्या फेब्रुवारी महिन्याच्या पहिल्या तारखेस कलकत्त्यातील बेल्व्हेडिअर या प्रशस्त वास्तूचे दरवाजे सर्वसामान्य वाचकांसाठी उघडण्यात आले. ज्या वाड्यात एके काळी बंगालचे लेफ्टनंट गव्हर्नर राहत असत आणि जेथे सामान्य माणसास प्रवेशही दुर्लभ होता, तेथे भारताचे राष्ट्रीय ग्रंथालय स्थापन झाले. उद्घाटन करणारे होते स्वतंत्र भारताचे पहिले शिक्षणमंत्री मौलाना अबुल कलाम आझाद. आपल्या जिल्ह्यातील शिक्षकांस या घटनेत एक विशेष ओळखीची खूण सापडेल. हेच मौलाना १९४२ च्या ऑगस्टपासून १९४५ पर्यंत अहमदनगरच्या किल्ल्यात स्थानबद्ध होते. तेथेच त्यांनी ‘गुबार-ए-खातिर’ या ग्रंथातील पत्रे लिहिली. ती पत्रे एका मित्रास उद्देशून होती. परंतु टपालात पडण्याची सोय नसल्याने ती लेखकाजवळच राहिली व पुढे १९४६ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. पंडित नेहरूंनी ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ हा ग्रंथ लिहिला तोही याच किल्ल्यात, १९४४ साली. मोठे ग्रंथालय हाताशी नसल्यामुळे आझाद, गोविंद वल्लभ पंत, नरेंद्र देव व असफ अली या सहबंद्यांची विद्वत्ताच त्यांच्या उपयोगी पडली, आणि ग्रंथाच्या प्रस्तावनेत त्यांनी या चौघांचे ऋण मान्य केले आहे. ग्रंथालयाचे मोल ते नसताना अधिक कळते. त्या दाराची कळ फिरविणाऱ्यास ते आपल्या नगरच्या किल्ल्यात पुरेपूर कळले असले पाहिजे.

राष्ट्रीय ग्रंथालय म्हणजे केवळ देशातील सर्वांत मोठे ग्रंथालय, अशी समजूत पुष्कळदा आढळते. ती अपुरी आहे. गावच्या वाचनालयाचे काम वाचकास आज हवे असलेले पुस्तक देणे हे होय. राष्ट्रीय ग्रंथालयाचे पहिले काम निराळे आहे. देशात छापले गेलेले प्रत्येक पुस्तक, मग ते थोर असो वा सामान्य, आज त्यास वाचक असो वा नसो, गोळा करणे, त्याची नोंद करणे आणि पुढील पिढ्यांसाठी ते राखून ठेवणे, हे ते काम. निवड करण्याचा अधिकार वाचनालयास आहे, राष्ट्रीय ग्रंथालयास तो जवळजवळ नाही. कारण आज क्षुल्लक वाटणाऱ्या कोणत्या चोपडीत उद्याच्या अभ्यासकास मोलाचा पुरावा सापडेल, हे आज कोणालाच सांगता येत नाही.

ही कल्पना युरोपात जुनी आहे. फ्रान्सचा राजा पहिला फ्रान्सिस याने १५३७ साली असा हुकूम काढला की, राज्यात छापलेल्या प्रत्येक ग्रंथाची एक प्रत राजाच्या ग्रंथसंग्रहात आली पाहिजे. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या बॉडली ग्रंथालयाने १६१० साली लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघाशी तसाच करार केला. अमेरिकेचे काँग्रेस ग्रंथालय १८०० सालचे. त्या ग्रंथालयाने १९६२ साली नवी दिल्लीत आपले कार्यालय उघडून भारतीय भाषांतील पुस्तके विकत घेण्यास सुरुवात केली, त्यामुळे अनेक मराठी पुस्तकांची प्रत सातासमुद्रापलीकडे जाऊन बसली. आपल्याकडील एखादे दुर्मिळ मराठी पुस्तक शोधीत अभ्यासकास परदेशाकडे पाहावे लागते, ही गोष्ट अभिमानाची की खेदाची, याचा विचार ज्याने त्याने करावा.

आपल्या राष्ट्रीय ग्रंथालयाचे मूळ मात्र सरकारी हुकमात नाही. ते लोकांच्या वर्गणीत आहे. १८३६ साली कलकत्ता पब्लिक लायब्ररी स्थापन झाली. तीनशे रुपये भरणारा गृहस्थ तिचा मालक-सभासद होई, आणि रवींद्रनाथ ठाकुरांचे आजोबा द्वारकानाथ ठाकुर हे अशा सभासदांपैकी पहिले होत. तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड मेटकाफ यांनी फोर्ट विल्यम कॉलेजच्या ग्रंथालयातील ४,६७५ ग्रंथ या संस्थेस दिले. त्या काळी तीनशे रुपये ही रक्कम मोठीच होती. तथापि गरीब विद्यार्थ्यांस ठरावीक मुदतीपर्यंत विनामूल्य वाचू देण्याची सवलत तेथे होती, हे नमूद केले पाहिजे.

दुसरा प्रवाह सरकारी. सचिवालयातील निरनिराळ्या खात्यांची ग्रंथालये एकत्र करून १८९१ साली इंपीरियल लायब्ररी निर्माण झाली, पण तिचा उपयोग वरिष्ठ अधिकाऱ्यांपुरताच मर्यादित होता. एकीकडे लोकांची परंतु उतरती कळा लागलेली संस्था आणि दुसरीकडे समृद्ध परंतु लोकांस बंद असलेला संग्रह, अशी ही स्थिती लॉर्ड कर्झन यांनी पाहिली आणि दोहोंचे एकीकरण केले. ३० जानेवारी १९०३ रोजी मेटकाफ हॉलमध्ये नवी इंपीरियल लायब्ररी जनतेस खुली झाली. कर्झनशाहीविषयी आपल्या मनात प्रेम असण्याचे कारण नाही, परंतु या एका कामाचे श्रेय त्यांना नाकारता येणार नाही. पहिले ग्रंथपाल जॉन मॅक्फार्लेन हे लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधून आले होते. त्यांच्यामागून १९०७ साली हरिनाथ दे हे बंगाली पंडित त्या जागेवर आले. तेथील पहिले भारतीय ग्रंथपाल ते हेच. पौर्वात्य व पाश्चात्त्य अशा अनेक भाषा अवगत असलेला हा विद्वान १९११ साली वयाच्या अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तला.

स्वातंत्र्यानंतर १९४८ साली कायदा करून इंपीरियल लायब्ररीचे नाव राष्ट्रीय ग्रंथालय असे बदलण्यात आले. बी. एस. केशवन हे स्वतंत्र भारतातील पहिले राष्ट्रीय ग्रंथपाल होत. याच सुमारास सर आशुतोष मुखर्जी यांच्या कुटुंबीयांनी त्यांचा सुमारे ८०,००० ग्रंथांचा संग्रह देशास अर्पण केला. शिवचरित्रकार सर जदुनाथ सरकार यांचा संग्रहही पुढे याच ग्रंथालयात आला. मराठ्यांच्या इतिहासाचा धागा असा हुगळीच्या काठापर्यंत पोचला आहे. आज वाचनाची मुख्य व्यवस्था जुन्या वाड्यातून आवारातील ‘भाषा भवन’ या नव्या इमारतीत गेली आहे. मराठीसह निरनिराळ्या भारतीय भाषांचे स्वतंत्र विभाग या ग्रंथालयात आहेत.

परंतु मराठी ग्रंथांची काळजी कोणी वाहावी, हा प्रश्न कलकत्त्याची वाट पाहत थांबला नाही. महाराष्ट्रात सार्वजनिक वाचनाची परंपरा त्यापूर्वीच सुरू झाली होती. रत्नागिरीचे ग्रंथालय १८२८ सालचे, आपल्या नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे, पुण्याचे नगर वाचन मंदिर १८४८ सालचे. कलकत्त्याच्या संस्थेनंतर दोनच वर्षांनी नगरसारख्या ठिकाणी वाचनालय निघाले, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांस अवश्य सांगावी. त्यानंतर चारच वर्षांनी, १८४२ साली, ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक याच गावातून निघू लागले. छापणे आणि वाचणे ही दोन्ही कामे नगरात एकाच पिढीत रुजली, असे म्हणावयास हरकत नाही. महाराष्ट्राबाहेरचे उदाहरण पाहावयाचे तर तंजावरच्या सरफोजीराजे भोसल्यांनी समृद्ध केलेले सरस्वती महाल ग्रंथालय आजही दूर दक्षिणेत मराठी व मोडी हस्तलिखिते सांभाळीत उभे आहे.

यांपैकी बहुतेक वाचनालये वाचकांसाठी होती. ‘मराठीत छापलेले सर्व काही जमवावयाचे’ ही राष्ट्रीय ग्रंथालयाची खरी प्रतिज्ञा मराठीत प्रथम केली ती ठाण्याने. विनायक लक्ष्मण भावे या तरुणाने आपल्या सहकाऱ्यांसह १ जून १८९३ रोजी ठाण्यास मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन केले. पुढे ‘महाराष्ट्र सारस्वत’ लिहून नावारूपास आलेल्या भाव्यांनी तेव्हा वयाची बावीस वर्षेही पूर्ण केली नव्हती. पाच वर्षांनी, १८९८ साली, मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय निघाले. राज्य परकीयांचे, सरकारी आधार नाही, जागा अपुरी, अशा काळात या मंडळींनी भाषेचे दप्तर जपले.

संग्रह झाला तरी नोंद नसेल तर तो मुकाच राहतो. ही नोंद करण्याचे काम शंकर गणेश दाते या एका व्यक्तीने अंगावर घेतले. गावोगावच्या ग्रंथालयांतून पुस्तके पाहून त्यांनी १८०० ते १९३७ या काळातील मराठी पुस्तकांची ‘मराठी ग्रंथसूची’ तयार केली व ती १९४३ साली प्रसिद्ध झाली. १९३८ ते १९५० या काळाचा दुसरा भाग १९६१ साली निघाला. दाते १९६४ साली वारले. इतर देशांत जे काम मोठ्या कचेऱ्यांनी करावे, ते एका माणसाने चिठ्ठ्यांच्या आधारे केले. राष्ट्रीय पातळीवर ‘इंडियन नॅशनल बिब्लिओग्राफी’ १९५८ सालापासून निघू लागली. तीत सर्व भाषांतील पुस्तकांची नोंद एकाच ठिकाणी यावी म्हणून रोमन लिपीचा अवलंब करण्यात आला. सोय झाली खरी, परंतु आपल्या पुस्तकाचे नाव परक्या अक्षरांत शोधणे मराठी वाचकास जड जाते, हेही खरे.

जपणूक इतक्या निकडीची का, याचे उदाहरण शोधावयास दूर जाणे नको. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० साली, प्रवरेच्या काठी नेवासे येथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि सच्चिदानंद बाबांनी ती लिहून घेतली. ती मूळ पोथी आज उपलब्ध नाही. नकलांवरून नकला होत गेल्या आणि प्रत्येक नकलेत थोडा थोडा फरक पडत गेला. पाठांची ही अव्यवस्था पाहून एकनाथ महाराजांनी शके १५०६ मध्ये, सुमारे तीन शतकांनी, प्रती ताडून ज्ञानेश्वरी शुद्ध केली. जुन्या प्रती कोणीतरी सांभाळल्या होत्या म्हणूनच नाथांस ते काम करता आले. मूळ प्रत एका निश्चित ठिकाणी सुरक्षित असती तर एवढा खटाटोप पडला नसता. नेवाशाच्या मंदिरात ज्या खांबास टेकून ज्ञानेश्वरी सांगितली असे मानतात तो खांब मुलांस दाखविताना, ही पोथीची कथाही सांगण्याजोगी आहे.

मुद्रणकला आली म्हणून हा धोका टळला असे नव्हे, त्याचे रूप फक्त बदलले. हातकागदावरील दोनशे वर्षांपूर्वीचे मोडी रुमाल आजही सहज वाचता येतात; परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून लाकडाच्या लगद्याचा जो स्वस्त कागद सर्वत्र वापरात आला, त्यात आम्लाचा अंश राहतो. तो कागद काही दशकांत पिवळा पडतो व घडी घालताच तुटतो. शंभर वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र त्याहून जुन्या बखरीच्या आधी नष्ट होते, ही विचित्र वस्तुस्थिती आहे. म्हणून आता जुन्या ग्रंथांची पाने छायांकित करून संगणकावर साठविण्याचे काम ठिकठिकाणी चालले आहे. मात्र छायांकन करावयाचे तरी मूळ प्रत कोठेतरी असावी लागते.

आता कायद्याकडे वळू. १८६७ च्या कायद्याने मुद्रकांस पुस्तकाच्या प्रती सरकारात दाखल कराव्या लागत. त्यामागे ग्रंथप्रेम थोडे आणि राज्यकर्त्यांची सावधगिरी अधिक होती. १८५७ नंतर दहाच वर्षांनी हा कायदा झाला, हे विसरता येत नाही. स्वतंत्र भारताने १९५४ साली केलेल्या ग्रंथप्रदान कायद्याचा हेतू मात्र संग्रहाचाच आहे. त्यान्वये प्रकाशकाने पुस्तक प्रसिद्ध झाल्यापासून तीस दिवसांच्या आत, स्वतःच्या खर्चाने, एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व प्रत्येकी एक प्रत केंद्र सरकारने नेमलेल्या अन्य ग्रंथालयांस पाठवावयाची असते. त्या ग्रंथालयांत मुंबईच्या टाउन हॉलमधील मध्यवर्ती ग्रंथालय, मद्रासचे कॉनेमारा ग्रंथालय व पुढे समाविष्ट झालेले दिल्ली सार्वजनिक ग्रंथालय ही येतात. राष्ट्रीय ग्रंथालयास द्यावयाची प्रत उत्तम कागदावरची, बांधलेली, नकाशे व चित्रे यांसह पूर्ण असावी, असे कायदा सांगतो. १९५६ च्या दुरुस्तीने वृत्तपत्रांनाही हे बंधन लागू झाले. मूळ कायद्यात कसूर करणाऱ्यास पन्नास रुपयांपर्यंत दंड व पुस्तकाच्या किमतीइतकी रक्कम, एवढीच शिक्षा सांगितली आहे. दंड एवढा हलका की त्याची भीती कोणास वाटत नाही, आणि पुष्कळ लहान प्रकाशकांस हा कायदा ठाऊकही नसतो. परिणामी मोठ्या शहरांतील पुस्तके पोचतात. गावात छापलेली राहून जातात.

शिक्षकाचा या विषयाशी संबंध येतो तो नेमका येथे. तालुक्याच्या गावी छापलेली यात्रेची पुस्तिका, शाळेच्या शतकमहोत्सवाची स्मरणिका, कीर्तनकाराने स्वखर्चाने काढलेला अभंगसंग्रह, सहकारी संस्थेचा अहवाल, ही पुस्तके कोणत्याही दुकानात मिळत नाहीत. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याने १९५० च्या सुमारास या जिल्ह्यातील शेतकऱ्याचे जीवन कसे बदलले, १९७२ च्या दुष्काळात गावे कशी तगली, पारनेर तालुक्यातील राळेगण सिद्धी किंवा नगर तालुक्यातील हिवरे बाजार येथे पाणी कसे अडविले गेले, हे पुढे कोणी लिहू लागेल तेव्हा त्यास अशाच चोपड्यांचा आधार शोधावा लागेल. अशा पुस्तकांच्या मजकुरास व मुद्रितशोधनास गावात बहुधा शिक्षकाचाच हात लागलेला असतो. छापखान्यातून गठ्ठा आला म्हणजे मानकऱ्यांस वाटण्याच्या प्रती जशा बाजूस काढतात, तशाच ग्रंथालयांसाठीच्या प्रती प्रथम काढून ठेवाव्यात. त्याचप्रमाणे मुखपृष्ठावर वा आतील पानावर प्रकाशकाचे नाव, स्थळ व वर्ष छापण्याचा आग्रह शिक्षकांनी धरावा. वर्ष नसलेली स्मरणिका म्हणजे जन्मतारखेविना शाळेत आलेले मूल. पुढे सर्वांनाच अंदाज बांधावा लागतो.

शाळेच्या स्वतःच्या ग्रंथालयाविषयी येथे स्पष्ट बोलणे इष्ट होईल. अनेक शाळांत पुस्तकांचे कपाट वर्षातून दोनदाच उघडते, तपासणीच्या दिवशी आणि साठा मोजण्याच्या दिवशी. पुस्तक हरवले वा फाटले तर वसुली अंगावर येईल, या धास्तीने शिक्षक कुलूप लावून मोकळे होतात. ही धास्ती अगदीच निराधार आहे असे म्हणणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. परंतु शाळेचे कपाट हे राष्ट्रीय ग्रंथालय नव्हे. एक प्रत कलकत्त्यास, एक मुंबईस कायमची राखून ठेवण्याची व्यवस्था देशाने केली आहे ती याचसाठी, की उरलेल्या प्रती लोकांनी निर्धास्तपणे वापराव्यात. मुलांच्या हाती जाऊन झिजलेले पुस्तक आपले काम करून गेले. वाळवीने कपाटात खाल्लेले पुस्तक कोणाच्याच कामी आले नाही. झिजलेल्या पुस्तकांचे रीतसर निर्लेखन करता येते, त्यासाठी दाखल नोंदवही व देवघेव नोंदवही मात्र चोख असावी. कोणाकडे किती वेळा पुस्तक गेले, हे देवघेव नोंदवहीत दिसत असेल, तर फाटलेल्या पानांचा खुलासा वेगळा द्यावा लागत नाही.

पुस्तके थोडी असतील तर बडोद्याचा मार्ग घेता येईल. सयाजीराव महाराजांनी १९१० साली बोर्डेन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास पाचारण करून संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले; त्यात लाकडी पेट्यांतून गावोगाव हिंडणारी फिरती ग्रंथालये होती. एका केंद्रातील शाळांनी पन्नास-पन्नास पुस्तकांच्या पेट्या दर महिन्यास आपापसांत बदलल्या, तर एका पैशाचाही खर्च न वाढता मुलांस वर्षभर नवी पुस्तके मिळतील.

इयत्ता पाचवी ते सातवीसाठी या विषयावरील पाठ पुढीलप्रमाणे घेता येईल. प्रत्येक जोडीस एक पुस्तक द्यावे आणि गोष्ट न वाचता प्रथम पुस्तकाचीच विचारपूस करावयास सांगावे. हे कोणी लिहिले, कोणी प्रसिद्ध केले, कोठे छापले, कोणत्या वर्षी, कितवी आवृत्ती? अलीकडच्या पुस्तकांवर तेरा आकड्यांचा एक क्रमांक असतो. त्यात ९७८ नंतर ८१ किंवा ९३ आल्यास ते पुस्तक भारतातील, हे मुले हौसेने शोधतात. मग पोस्टकार्डाएवढ्या कागदावर ही माहिती लिहून घ्यावी. येथे एक गंमतीची अडचण उभी राहील व ती मुद्दाम उभी राहू द्यावी. ‘श्यामची आई’चे कार्ड कोणत्या अक्षराखाली लावावयाचे? कोणी ‘सा’ म्हणेल, कोणी ‘गु’, कोणी ‘पां’. साने, पांडुरंग सदाशिव असे मुख्य कार्ड करून ‘साने गुरुजी’ या नावाचे दुसरे कार्ड त्याकडे बोट दाखविणारे ठेवावे. केशवसुत म्हणजे दामले, कृष्णाजी केशव, तेथेही तसेच. ज्ञानेश्वरांस आडनावाखाली कोणी शोधणार नाही, म्हणून त्यांचे कार्ड ‘ज्ञ’ खालीच असावे. ग्रंथपालाचे काम म्हणजे धूळ झटकणे नव्हे, हे मुलांस या एका तासिकेत जेवढे समजेल तेवढे व्याख्यानाने समजणार नाही.

दुसऱ्या आठवड्यात मुलांनी घरी व गावात छापील जुने काय आहे याची चौकशी करावी. जे मिळेल ते मालकाच्या संमतीनेच पाहावे, त्याची नोंद करून परत द्यावे. कोणी आपण होऊन शाळेस दिले तर देणाऱ्याचे नाव व तारीख लिहून ठेवावी. फाटक्या पानांवर चिकटपट्टी कधीही लावू नये, तिचा डाग कायमचा राहतो व कागद तेथेच तुटतो. ओलसर भिंतीपासून दूर, कोरड्या सुती कापडात बांधून, सपाट ठेवावे. मोडी कागद आढळल्यास ते पुसणे, धुणे वा चिकटविणे यांच्या भरीस न पडता तसेच ठेवून जाणकारांस दाखवावेत.

गावातून या वर्षी काही छापले गेले असल्यास त्याची एक प्रत ‘राष्ट्रीय ग्रंथालय, बेल्व्हेडिअर, कोलकाता ७०० ०२७’ या पत्त्यावर प्रकाशकाच्या नावे टपालाने पाठवावी. सोबतच्या पत्रात पुस्तकाचे नाव, लेखक, प्रकाशक, स्थळ, वर्ष, पृष्ठसंख्या व किंमत लिहावी. विनामूल्य असल्यास तसे नमूद करावे. एक प्रत मुंबईस, एक नगरच्या जिल्हा वाचनालयास द्यावी आणि एक शाळेच्या दाखल नोंदवहीत चढवावी. टपालाची पावती त्याच नोंदीसमोर टाचून ठेवावी.